नेटची वायर आणि "जतन झाली"

मंडळी, आज कामावर मी जरा आगाऊपणा केला.

मला दिसत नाही. सोलापुरात एका रक्तपेढीत मी फोन घेते आणि कुणाला कुठलं रक्त हवंय ते संगणकात नोंदवते. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हाच माझा आधार. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रत्येक बटनाला नुसतं "बटन" म्हणायचा. म्हणून आमचे संगणक बघणाऱ्या इम्राननं रीडरसाठी स्क्रिप्ट, म्हणजे काय बोलायचं ते सांगणारा छोटा प्रोग्राम लिहिला.

आज सकाळी करमाळ्याच्या पेशंटची नोंद केली आणि सेव्ह दाबलं. लगेच आवाज आला, "नोंद जतन झाली."

लगेच? हे सॉफ्टवेअर तर लई रेंगाळतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

इम्रान चहा सांगायला बाहेर गेला, तशी मी चाचपडत नेटची वायर काढली आणि पुन्हा सेव्ह दाबलं.

"नोंद जतन झाली."

तेवढ्यात तो आला. "चालतंय की ताई?"

"वायर माझ्या हातात आहे, इम्रान."

तो म्हणाला, "बटन दाबलं की बोलायला लावलो होतो. तुमाला बरं वाटावं म्हणून."

मला बरं वाटलं असतं हो, पण नोंद पोचलीच नसती तर त्या पेशंटसाठी रक्ताची पिशवी कुणी बाजूला काढली नसती!

संध्याकाळपर्यंत त्यानं स्क्रिप्ट बदलली. आता वायर काढली की आवाज म्हणतो, "नोंद जतन झाली नाही." ऐकून जिवात जीव आला.

पण बँकेत, दवाखान्यात माणसं मला दिवसभर "झालं, झालं" म्हणतात. त्यांची वायर कुठून काढायची, सांगा.