तहान लागू दे

नसीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरी अरबहून दारव्ह्याला येणाऱ्या जीपमध्ये होते आणि मांडीवर तिच्यासाठीच घेतलेली वाळूची पिशवी होती. बहिणीकडे चालले म्हटल्यावर तिनं आदल्या दिवशी भिंतीवरून फर्मान काढलं होतं, "येताना नदीची वाळू आणजो व. भरड पाह्यजे. पिठावानी बारीक आणशीन तं तुह्याच घरात फेकीन." जीपमध्ये माणसं कोंबलेली, शेजारची बाई त्या पिशवीवरून मघापासून कुरकुरत होती. फोनवर आमचे हे एवढंच म्हणाले, "नसीमभाभी गेल्या. सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून शेजारची बाई गप्प झाली आणि तिनं पिशवीला जागा करून दिली. घरी पोचले तर गल्ली माणसांनी भरलेली. ती वाळू घेऊन कुठं जावं हे न सुचून मी कितीतरी वेळ तिच्या दारात तशीच उभी होते.

आमची दोघींची भिंत एकच. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून त्या भिंतीवरून वाटाण्याच्या शेंगा, शीरखुर्मा, तिळगूळ, भांडणं आणि माफी असं सगळं ये-जा करत आलं. तिचे मालक सलीमभाई, त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज. तिथले ऑईलचे रिकामे डबे नसीम घरी आणायची, सलीमभाईंकडून बुडाला भोकं पाडून घ्यायची आणि त्यात जाड पानांची झाडं लावायची. सक्युलंट म्हणतात त्यांना, हे तिच्या भाचीनं एकदा सांगितलं. नसीमला त्या नावाचं काही पडलं नव्हतं. ती त्यांना 'मोटी पत्तीवाली' म्हणायची. कोणाची पानं कमळासारखी रचलेली, कोणाची मण्यांसारखी लोंबणारी. पत्र्याच्या पडवीत सकाळचं ऊन येतं तिथं त्यांची रांग.

त्या झाडांना सगळ्यात मोठा धोका होता तो आम्हा शेजारणींचा. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला कळेल... इथं दारात आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी पाणी देतात, कुत्र्यापाखरांसाठी भांडी भरून ठेवतात. कोरडी माती दिसली की बाईचा हात आपोआप तांब्याकडे जातो, आणि पुण्य पदरात पडलं म्हणून ती खूश होते. नसीम अशा वेळी वाघिणीसारखी धावून यायची. "त्यानं मांगतलं का तुले? मंग काहून पाजून राह्यली?" माझ्या चुलतसासूबाईंनाही तिनं सोडलं नव्हतं. आमच्या ह्यांनी एकदा मोठ्या प्रेमानं शेतातली काळी माती घमेलंभर नेऊन दिली, तर म्हणाली, "भाऊजी, हे कपाशीले ठीक हाये. माह्या झाडायच्या पायाले ओली गोधडी गुंडाळल्यावानी होईन." आमचे हे आठ दिवस रुसले होते.

मला तिनं एक डबा दिला तो शिकवणीसकट. पाणी द्यायच्या आधी मातीत बोट खुपसायचं; वरची माती काय, वाऱ्यानंही सुकते, आतली सुकली का ते बघायचं. मग डबा उचलून बघायचा, सुकलेला हाताला हलका लागतो. पानं जराशी चिमली असली, सुरकुतली असली, तरच समजायचं की आता खरी तहान लागली. आणि एकदा द्यायचं ठरलं की हात आखडायचा नाही. "बुडाशी टाक, पानायवर नको. खालच्या भोकातून निंघेपर्यंत दे. चमचा चमचा देऊन जीव टांगणीले नको लावू त्याचा." खाली ताटलीत साचलेलं पाणी लगेच फेकायचं आणि मग झाड विसरून जायचं. पावसाळ्यात तर तिच्या डब्यांना कित्येक दिवस थेंब मिळत नसे. मला ते विसरणं काही जमायचं नाही. पुण्याला नोकरीला गेलेल्या लेकीला मी दिवसातून तीनदा फोन करायचे, त्यावरही नसीम म्हणायची, "का व सुनंदा, तिलेही सडवतं का?"

उगाच देवमाणूस करून ठेवायला नको तिला. मत्सरी होती. माझ्या डब्यातल्या झाडाला एका थंडीत गुलाबी फुलं आली, तिच्याकडच्याला आली नाहीत, तर दोन दिवस भिंतीशी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "हवा चांगली हाये तुह्याकडची." हवा! मधे एक वीतभर भिंत... मी हसत सुटले, मग तीही.

ती गेल्यावर पुरसा द्यायला, सांत्वनाला माणसांची रीघ लागली. जो येई तो पडवीत टेकायचा, सुकी माती बघायचा आणि दिलेल्या पेल्यातलं उरलेलं पाणी डब्यात ओतायचा. तिच्या झाडाला पाणी घातलं तर तिला सवाब पोचेल, पुण्य लागेल, असंही एक म्हातारी म्हणाली. माणसं ओसरली तर सलीमभाई सुरू झाले. रोज सकाळी कबरस्तानातून यायचे आणि पाण्याचा मग भरून एकेका डब्यात ओतायचे, न चुकता. माझ्या डोळ्यांसमोर पानं पिवळी पडत चालली, पाण्यात भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक झाली, हात लागला की गळायला लागली. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं आणि तेही जाणार होतं. दोनदा भिंतीवरून सांगून पाहिलं. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मग भरायचे.

शेवटी एका सकाळी मी सरळ पडवीत गेले. "सलीमभाई, पानी बंद करा. झाडं सडून राह्यली."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "ताई, तिनं पानी मांगतलं होतं. दवाखान्यात. डॉक्टर म्हने, सध्या तोंडानं काही देऊ नका. ते दोन डाव बोलली, 'थोडा पानी दो जी.' मी म्हनलं, 'रुक जा जरा.'" हातातला मग डब्यावर टेकवून ते थांबले. "जिंदगीभर माहं कधी ऐकलं नाही तिनं. तेव्हाच ऐकलं..."

मी खाली बसले. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, सलीमभाईंचंही नाही, पण हे त्या माणसाला कोण सांगणार आणि सांगून तरी काय होणार होतं. मग नसीमनं जे केलं असतं तेच मी केलं. एक डबा उचलला आणि त्यांच्यासमोर फरशीवर उपडा केला. काळी पडलेली, वास मारणारी मुळं बाहेर आली. इंजिन उघडून बघणारा माणूस तो. सांगण्यापेक्षा दाखवलेलं त्यांना लवकर कळलं. "हे गेलं?" "हे गेलं. वरचा शेंडा वाचते." त्यांनी ब्लेड आणलं. सडका भाग कापून आम्ही शेंडे सावलीत सुकत टाकले, आणि जीपमधून मांडीवर आणलेली ती वाळू ओलसर मुरुमात कालवून डबे नव्यानं भरले; शेंडे सुकल्यावर त्यात खोचले. बरीच झाडं वाचली नाहीत. मण्यांची माळ गेली. ती तिची सगळ्यात लाडकी होती.

मग सुरू झालं थांबणं. "ताई, आज?" असं ते रोज सकाळी विचारायचे आणि मी म्हणायचे, "नाई, आज नाई." फार जड जायचं मला ते. ज्या एका 'थांब'साठी हा माणूस स्वतःला माफ करत नव्हता, तेच मी त्यांना रोज करायला लावत होते. कधी वाटे, जाऊ दे, घालू दे पाणी, झाडांपेक्षा माणूस मोठा. पण नसीमची झाडं अशी हातानं बुडवू देणं मला जमलं नसतं. मी नाहीच म्हणत राहिले.

गेल्या आठवड्यात त्यांनी भिंतीपाशी येऊन हाक मारली. हातात डबा होता. "हलका झाला हा," म्हणाले. मी बोट घातलं. आतपर्यंत कोरडं. पानांवर बारीक सुरकुत्या होत्या आणि मधोमध एक नवं, हिरवं, घट्ट पान वर येत होतं. मी म्हटलं, "द्या." त्यांनी बुडाशी धार धरली, हळूहळू. भोकातून पाणी निघून त्यांच्या चपलांवर सांडलं तरी ते ओतत होते, आणि मी अडवलं नाही. "तिलेही असंच पोटभर द्याचं होतं, ताई. डॉक्टर हो म्हनले का लगेच. ग्लास भरूनच ठेवला होता मी."

"ते तिले ठाऊक होतं," मी म्हटलं. "थांब म्हननाऱ्याच्या मनात काय असते, हे तिच्यापेक्षा जास्त कोनाले कळत होतं?"

त्यांनी रिकामा मग भिंतीवर ठेवला आणि बाहीनं तोंड पुसलं. मग पाणी निथळू दिलं, डबा भिंतीच्या मधोमध ठेवला आणि गॅरेज उघडायला निघून गेले.

आता मी चहाचा कप घेऊन अंगणात येते तेव्हा तिचा चेहरा दिसायचा तिथं तो डबा असतो. मी बोट घालून बघते, माती ओलीच असते. बघायची गरज नसते हे मलाही कळतं. तरी एखाद्या दिवशी हातात तांब्या घेऊन त्या भिंतीशी जाते, तो वाकडा करते, आणि मुद्दाम चुकावंसं वाटतं... एकदाच ओतावं, म्हणजे पलीकडून कुणीतरी माझ्यावर ओरडत येईल. मी कान देऊन उभी राहते. पलीकडे काही हलत नाही. मग भरलेला तांब्या तसाच घरात नेऊन ठेवते.