दोन महासत्ता, एक मागची सीट आणि खडकवासला

राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शीतयुद्धाचा धडा यायच्या आधीच मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. म्हटलं, कुठे कामाला येणार आहे? आला की! गेल्या रविवारी, खडकवासल्याला.

झालं असं, रेवती म्हणाली, "आपल्या लग्नाला बाबा आणि मामा, दोघांचा होकार आण. एकाचाच आणलास तर दुसऱ्याचा नकार पक्का." तिचे बाबा मॉस्कोत शिकलेले, मामा न्यू जर्सीत नोकरी करून परतलेले. मुलीचं नाव बाबांना हवं होतं नताशा, मामांना नॅन्सी. बारशाला आत्यानं वैतागून तिच्या कानात तिसरंच सांगितलं. तेव्हापासून हे दोघं कर्वेनगरला एकाच सोसायटीत राहतात, पण बोलतात ते मध्ये माणूस ठेवून. या वेळी तो माणूस मी.

दोघांना सहलीला न्यायचं ठरवून मित्राची गाडी घेऊन विश्रांतवाडीहून भल्या सकाळी निघालो. तुम्हीही लवकर निघा, नाहीतर सिंहगड रोडवर म्हातारे व्हाल. पुढे कोण बसणार यावरून सोसायटीच्या गेटातच भांडण. शेवटी दोघंही मागे, मध्ये डबा आणि पाण्याचा जार. बर्लिनची भिंतच!

"यांना सांगा, अंतराळात पहिला माणूस आम्ही पाठवला," काका, म्हणजे रेवतीचे बाबा, मला म्हणाले.

"यांना विचारा, मग चंद्रावर का नाही उतरला? पार्किंग मिळालं नाही?" मामा.

धरणाजवळ भजी खाच, पण समोर तळून घ्या, तयार ढिगातली नको. काकांनी एका गाडीवरून घेतली म्हणून मामांनी समोरच्या गाडीवरून. मी दोन्ही प्लेटांतली खाल्ली.

"अहो, आपण नक्की कुणाच्या बाजूचे?" काकांनी विचारलं.

"दोन्हीकडची छान आहेत, काका."

"अलिप्त दिसतात," मामा म्हणाले. "दोन्हीकडचं खायचं आणि वर शहाणपण शिकवायचं."

"ते राहू द्या. शेवटी जिंकलं कोण, तेवढं सांगा," काका.

माझं डोकं सटकलं. "चंद्र गेला खड्ड्यात! मला रेवतीशी लग्न करायचंय!"

भजीवाल्याचा झारा हवेतच थांबला. काका मामांकडे वळले.

"अहो, याला डिग्री आहे का हो?"

"कसली डिग्री! गाडीसुद्धा उसनी आहे."

"आणि ओरडतो कसा, बघितलंत?"

"तुम्हाला सांगतो, पोरीच्या डोक्यात काय शिरलंय कळत नाही!"

मध्ये कुणीच नव्हतं. परतताना डबा आणि जार पुढे माझ्या शेजारी आले. मागे दोघं खांद्याला खांदा लावून कर्वेनगरपर्यंत मला शिव्या घालत होते.

घरी पोचल्यावर हिशोब मांडला. पेट्रोल गेलं, अब्रू गेली, गाडीत भज्यांचा वास तेवढा राहिला. तेवढ्यात रेवतीचा फोन.

"नकार. दोघांचाही."

"बरं."

"ऐक ना. आल्यापासून दोघं गॅलरीत गप्पा मारतायत. आई तर रडायलाच लागली. पुढच्या रविवारी पानशेतला जायचं म्हणतायत आणि गाडी तूच चालवायचीस."

"मीच का?"

"अरे, तुझ्याशिवाय दुसऱ्या कशावरच त्यांचं एकमत होत नाही!"

मी हो म्हटलं. एक होकार तरी झाला.