शिंप्याने सोडलेला नंबर

माझ्या लेकीचं बोलणं आटत चाललंय, ही काळजी काही केल्या डोक्यातून जात नाही. ती कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे, दुसऱ्या शहरात, एका खोलीत एकटी. फोनवर "जेवलीस का?" विचारलं की "हो" म्हणते, आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज. सुट्टीला घरी आली की माझा हात हातात घेऊन बसते. मला वाटायचं, माया. मग लक्षात आलं, तिचा अंगठा माझ्या मनगटावर शीर चाचपत असतो. तिचं तिलाही कळत नाही.

म्हणून माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सांगून मी इथल्या शाळेच्या दवाखान्यात तिच्यासाठी नोकरी बघितली. उद्या सकाळी तो होकार कळवणार आहे. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "तू म्हणशील तसं, आई."

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते. तिची ड्यूटी संपेपर्यंत वॉर्डाबाहेर बसले. शेजारी एक म्हातारे शिंपी होते, केमोसाठी आलेले. आत दुसरी नर्स मोकळी होती, तरी ते उठेनात.

"काका, तुमचा नंबर गेला की."

"जाऊ दे. आमची सिस्टर येऊ दे, ती बघा, काचेपलीकडची. माझ्या शिरा म्हणजे उन्हाळ्यातले नळ. ती आधी गरम टॉवेलात हात गुंडाळते, मग स्टूल ओढून बसते. उभ्याउभ्या टोचत नाही कधी."

"बाकीच्यांना जमत नाही?"

"जमतं हो. पण त्या म्हणतात, काही दुखत नाही. ही म्हणते, आता दुखेल. मग तेवढंच दुखतं. आणि तिनं 'आज बरे दिसताय' म्हटलं की ते खरं वाटतं." मग हसून म्हणाले, "बोलते मात्र फार. सुनेशी पटतं का, कॉलर कशी बसवतात, सगळं हवं तिला."

बोलते फार. मी तिची आई आहे, हे सांगायचा धीर झाला नाही. तिच्या खोलीवर परतताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून गप्प होती.

ती इथे आली तर संध्याकाळी घरात दोन कप चहा होईल, दार उघडायला कोणीतरी असेल. पण ही गरज माझी. तिला काय हवंय, हे मी विचारलंच नाही. ठरवून टाकलं आणि तिनं मान हलवली.

दादा झोपला असेल. तरी आत्ताच फोन लावते. होकार कळवू नकोस, आधी तिला नीट विचारू दे, एवढंच सांगायचंय. ओरडेल. ओरडू दे.