घरचे वेल, बाजारचे वेल

आमच्या शेतात काकडीचे वेल दोन ठिकाणी असतात. बोअरजवळचे दहा-बारा वेल घरचे, मळ्यातले बाकीचे सगळे बाजारचे. घरच्या वेलांवर किडीचं औषध मारत नाहीत. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मुखेडकडच्या आमच्या गावात ज्याच्या त्याच्या मळ्यात अशी एक वेगळी ओळ असते. पाहुण्याला काकडी द्यायची तर कुठल्या ओळीकडं वळायचं, हे आईला सांगावं लागत नाही.

मी कंधारला कनिष्ठ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो. चांगलं काय आणि वाईट काय हे फळ्यावर लिहून पोट भरतो. वर्गातलं माझं एक लाडकं उदाहरण आहे. दोन शेतकरी, दोघांच्याही विहिरीला कठडा नाही. एकाच्या विहिरीत वासरू पडलं, दुसऱ्याच्या नाही. जास्त दोष कुणाचा? पोरं दरवर्षी एका सुरात म्हणतात, "पडलं त्याचा, सर." मी दरवर्षी हसतो. दोघांनी केलं ते सारखंच, वासरू कुणीकडं गेलं हा नशिबाचा भाग, असं समजावून सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

एका वर्षी वडिलांचा पाय मोडला आणि औषध मारायचं काम माझ्याकडं आलं. बाजाराच्या आदल्या दिवशी मारायचं, म्हणजे माल तजेलदार दिसतो, असं वडिलांनी बाजेवरून सांगितलं. मी बाटलीसोबतचा कागद वाचला. फवारल्यावर तोडणीसाठी किती दिवस थांबायचं, ते त्यात बारीक अक्षरांत छापलं होतं. वडिलांना दाखवलं.

"कागद वाचून शेती होत न्हाई," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली मारून राहिलो. कोण मेलं?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पंप पाठीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या आठवडी बाजारात आईशेजारी बसलो. आईचं एक दर बाजारचं गिऱ्हाईक आलं, एक तरुण बाई, पोटुशी. तिनं ढिगातली एक काकडी उचलली, पदराला पुसली आणि उभ्या उभ्या कचकन दात लावला.

"खा माय, सकाळीच तोडली," आई म्हणाली. "कितवा गं?"

"सातवा, मावशी."

बाई, धुऊन घ्या, सोलून खा. एवढंच माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर समोरची चार गिऱ्हाइकं उठून गेली असती आणि आईनं माझ्याकडं पाहिलं असतं. मी ढीग नीट रचत राहिलो. तिनं ती काकडी सालीसकट संपवली आणि वर किलोभर घेऊन गेली.

पुढच्या बाजारी ती आली नाही. आई म्हणाली, गेली असंल माहेरी. त्याच्या पुढच्या बाजारीही आली नाही. तेव्हा आमच्या शेजारी बसणारी बांगडीवाली सहज बोलून गेली, "तिला नांदेडला दवाखान्यात नेलंय म्हणं."

"काय झालं?" मी विचारलं.

"देव जाणं, दादा."

तराजू आईकडं दिला आणि पाणी प्यायला म्हणून उठलो. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. अनोळखी नंबरावरून फोन आला की मी उचलायचो नाही. एका काकडीनं काय होतंय, असं मनाला सांगायचो. तेच मोबाइलवर शोधायला जायचो आणि उत्तर दिसायच्या आत बंद करायचो. विहिरीचं उदाहरण त्या आठवड्यात आलं होतं, धडा पुढं ढकलून मी ते टाळलं.

आणि सगळ्यात लाज वाटते ती याची, की भीतीनं पहिल्यांदा विचारलं ते बाळाचं नव्हतं. मी पंप मारताना कुणी पाहिलं का, ते होतं. बाळाचा विचार नंतर आला. वासरू पडलं की नाही, तेवढं एकदा कळू दे, असं मी देवाला म्हणत होतो. मी केलं ते तर झालंच होतं, त्यात आता काही बदलणार नव्हतं. तरी मी वासराचीच वाट पाहत होतो, अगदी माझ्या वर्गातल्या पोरांसारखा.

त्या पुढच्या बाजारी ती आली. लांबूनच तिचं पोट दिसलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बीपी वाढलं होतं, मावशी. ठेवून घेतलं होतं. बाळ चांगलंय म्हणाले डॉक्टर." ती हसून खाली वाकली. "तितं पडल्या पडल्या तुमच्याच काकडीची याद येऊन राहिली होती."

तिचा हात ढिगाकडं गेला. ढिगातल्या मालावर आदल्या दिवशीच औषध मारलं होतं, मीच. मी घाईनं माझ्या डब्याच्या पिशवीत हात घातला आणि घरच्या वेलाच्या दोन काकड्या तिच्या हातात ठेवल्या. पैसे घेतले नाहीत.

"लई चांगले तुम्ही," ती म्हणाली. मला मोकळं वाटलं. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. आई माझ्याकडं पाहत होती.

ती गेली. तिच्या मागं एक म्हातारी उभी होती. नातीचं बारसं होतं, कोशिंबिरीला तीन किलो पाहिजे म्हणाली. मी तराजू उचलला, ढिगातल्या काकड्या पारड्यात टाकल्या. पिशवीत ओतताना मी तिच्या तोंडाकडं मात्र पाहिलं नाही.