निकाल लागल्यानंतरचा सामना

कुंदाताईच्या समीरचा फोन आला तेव्हा मी हौगांगच्या मार्केटमध्ये पापलेट निवडत होते. "मंगलमावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मासेवाल्या अंकलनं पिशवी पुढे केली, मी ती घेतली, घरी येऊन मासे फ्रीजमध्ये ठेवले आणि मग ओट्यापाशीच खाली बसले. रडू नाही आलं, राग आला. आता उपचार थांबवू या, असं डॉक्टरांनी सांगितल्याला बरेच महिने झाले होते, त्यामुळे धक्का बसला म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण रथसप्तमीपर्यंत थांबते, असं कुंदाताईनं मला ठासून सांगितलं होतं, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यातली ती नव्हे. संक्रांत तोंडावर आलेली, वाणाची खरेदी व्हायची, आणि ही बाई निघून जाते म्हणजे काय...

आमची ओळख जहाजांमुळे झाली. तिचा अरविंद चीफ इंजिनियर, माझा नवरा त्याच कंपनीत त्याच्या हाताखाली. दोघं समुद्रावर आणि आम्ही दोघी इथे, या परक्या देशात, ती बेडोकला, मी हौगांगला. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, पण उत्साह असा की माझीच दमछाक व्हायची. लग्नानंतर ती काही काळ नवऱ्याबरोबर जहाजावर हिंडली होती. एकदा इंजिनाच्या दुरुस्तीसाठी जहाज हवाईला अडकून पडलं आणि तिथल्या एजंटनं या दोघांना दोन तिकिटं दिली, अमेरिकन फुटबॉलच्या प्रो बोलची. म्हणजे त्यांच्या व्यावसायिक लीगमधल्या सगळ्या संघांतले निवडक खेळाडू दोन बाजू करून खेळतात तो सामना. कुंदाताईला फुटबॉल म्हणजे पायानं मारायचा एवढंच ठाऊक. इथे तर चेंडू लांबुडका आणि हातात धरून पळतात! तरी ती बसली, कारण ऊन छान होतं. मध्येच तिनं एजंटला विचारलं, यात जिंकून मिळणार काय? तो म्हणाला, काही नाही, मोसम संपला, विजेता मागच्याच आठवड्यात ठरला. मग हे कशाला खेळतायत, तर त्यानं नुसते खांदे उडवले.

हा किस्सा तिनं मला इतक्यांदा ऐकवला होता की शेवटी शेवटी तो खांदे उडवायचा प्रसंग मीच करून दाखवायचे. पण तिच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. सगळं संपलंय, निकाल लागलाय, हरलेल्या संघांतलेही त्यात आहेत, आणि तरी माणसं भर उन्हात खेळतायत. जिवावर उठून कुणी कुणाला पाडत नाही, पडलेल्याला हात देऊन उठवतात, पण चेंडू काही सोडत नाहीत. आणि अंगातला शर्ट एका बाजूच्या सगळ्यांचा एकच असला, तरी डोक्यावरचं हेल्मेट ज्यानं त्यानं आपापल्या संघाचं घालायचं, हे तर तिला भारीच आवडलं होतं.

अरविंद गेला तेव्हा समीर शाळेत होता. सासरचे म्हणाले, पुण्याला या. ती म्हणाली, नाही. त्या वर्षीच्या संक्रांतीला कुणाच्या तरी कॉन्डोच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं, तिथे मी तिच्या शेजारीच बसले होते. करंडा घेतलेली मुलगी एकेकीला कुंकू लावत आली, कुंदाताईपाशी अडखळली, हसली, आणि "तुम्ही तिळगूळ घ्या हं" म्हणून पुढे माझ्याकडे आली. चांगली शिकलेली, बँकेत मोठ्या हुद्द्यावरची मुलगी. कुंदाताईनं तिळगूळ खाल्ला, गोड बोलली. पुढच्या वर्षी तिनं स्वतःच्या घरी हळदीकुंकू ठेवलं आणि दिवस निवडला प्रो बोलचा.

हवाईतली रविवारची दुपार म्हणजे आपल्याकडे सोमवारची सकाळ. कुणी रजा काढली, कुणी डॉक्टरकडून आजारपणाचा एमसी घेतला, मी तर ओरडतच गेले की अगं, कामाच्या दिवशी कसलं हळदीकुंकू! टीव्हीवर सामना लावलेला, टीपॉयवर हळद, कुंकू, अत्तर, खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून आणलेला कॅरट केक, म्हणजे नावाला गाजर आणि आत मुळा, आणि घरचे साबुदाणावडे. आणि नियम असा, की जिचा नवरा सगळ्यांत अलीकडे गेलाय, तिला पहिलं कुंकू. त्या वर्षी तीच ती, तेव्हा तिनं आपलं आपणच लावलं. घटस्फोट झालेली, लग्न न केलेली, नवरा असून नसल्यासारखी, सगळ्या एका रांगेत. बातमी अर्थातच पसरली. इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई समजुतीच्या सुरात सांगायला आल्या, की मन रमवायला दुसरं पुष्कळ आहे, पण हे बरं दिसत नाही. कुंदाताईनं त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि म्हणाली, "हेल्मेट बघा. प्रत्येकाचं वेगळं. शर्ट बघा. एकच. आता हे घ्या कुंकू." त्या बाई कुंकू लावून घेऊन गेल्या. परत मात्र कधी आल्या नाहीत, आणि त्यांच्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

मग माझी पाळी आली. माझा नवरा गेला त्यानंतर माणसं माझ्याशी अशी हळू आवाजात बोलायला लागली, जणू मीच आजारी आहे. कुंदाताई करंडा घेऊनच आली. मी म्हटलं, ताई, आत्ता नको, मला इच्छाच नाही. तिनं करंडा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "इच्छा नसेल तर लावू नकोस. पण लोकांनी काढून घेतलं म्हणून बसू नकोस." मी लावलं. दोन महिन्यांनी, माझ्या मनानं, माझ्या हातानं. हे तिचे उपकार नव्हेत, ती मैत्री होती.

पुढे त्या सामन्याचीच दशा झाली. जागा बदलली, तारीख अंतिम सामन्याच्या आधी नेली, आणि शेवटी तर खरा खेळ बंद करून कमरेची फडकी ओढायचा खेळ आणला. कुंदाताई इतकी खवळली की मला वाटलं आता अमेरिकेला जाऊन भांडते. म्हणाली, निकालाच्या आधी काय कुणीही खेळेल, त्यात कसलं आलंय शौर्य! तिच्याकडे जुन्या एका सामन्याची टेप होती, समीरनं ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली, आणि मग दर वर्षी तोच सामना. कोण जिंकणार ते आम्हांला तोंडपाठ. तरी लाल की निळे यावरून भांडणं व्हायची, तिची नात, समीरची मुलगी, "आजी, ही ड्रॉप द बॉल लाह!" असं इथल्या इंग्रजीत ओरडून दर वर्षी तितक्याच दुःखानं कपाळावर हात मारायची.

शेवटच्या काही महिन्यांत तिची नणंद, विमलताई, पुण्याहून राहायला आल्या. त्या स्वतः पंचवीस-तीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या, कडक सोवळ्याच्या, आणि हेही सांगायला हवं की भावजयीचं सगळं त्यांनी मनापासून केलं. एक दिवस त्या आत पोळ्या करत असताना कुंदाताईनं माझा हात धरला. "मंगल, मला जाताना कुंकू लावून पाठव. वन्सं नाही म्हणतील. तू ऐकू नकोस." मी म्हटलं, मी कधी कुणाचं ऐकलंय? ती हसली... खोकला येईपर्यंत हसली.

आणि तसंच झालं. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, तिला ठेवलं होतं, मंडळी जमली होती, मंडाईच्या विद्युतदाहिनीत न्यायची गाडी यायची होती. मी करंडा काढला तशा विमलताई आडव्या आल्या. आमच्यात असं चालत नाही, म्हणाल्या, मेलेल्या माणसाची थट्टा करू नका. मी शांतपणे सांगितलं की तिचीच इच्छा आहे. त्या हलल्या नाहीत. "अरविंद गेला तेव्हाच तिचं सगळं संपलं," त्या म्हणाल्या. समीर मध्ये उभा, बिचारा एकदा आत्याकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. माझा आवाज चढला, चढू दे म्हटलं. "संपलं तिथून ती खेळायला लागली, विमलताई. तीस वर्षं आम्ही तिचा खेळ बघितलाय. तुम्ही बाजूला व्हा."

समीरनं आत्याचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मी कुंकू लावलं. मला वाटलं, झालं. तर मागून एक आली आणि तिनं माझ्या हातातून करंडा घेतला, मग दुसरी, मग शेजारची तमिळ अम्मा, मग ती बँकेतली मुलगी, आता केस पांढरे झालेली, जिचा नवरा गेल्याच वर्षी गेला. रांगच लागली. गाडीवाला घड्याळ बघत थांबला. कुंदाताईचं कपाळ शेवटी नुसतं लाल झालं होतं, आणि पुसून नीट करावं असं एकीच्याही मनात आलं नाही.

मला नंतर सल्ले मिळाले. यंदा राहू द्या, वर्षाच्या आत सण करत नाहीत, घरातलं माणूस गेलंय. मी समीरला विचारलं, तो म्हणाला, मावशी, फ्लॅटची किल्ली तुझ्याकडेच आहे. गेल्या रविवारी बेडोकला तिच्याच घरी आम्ही जमलो. तिची वेताची खुर्ची कुणी घेत नव्हतं, मग मीच नातीला उचलून तीत बसवलं. पहिलं कुंकू बँकेतल्या मुलीला. सामना लावला, लाल-निळे झाले, आरडाओरडा सुरू झाला. विमलताई अजून इथेच आहेत, समीरची परीक्षा बघत. त्या स्वयंपाकघराच्या दारात पदर खांद्यावर घेऊन उभ्या होत्या, माझ्याशी महिनाभर बोललेल्या नव्हत्या. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग कुणाकडेही न बघता विचारलं, "यात जिंकणार कोण?"

"ते ठरून किती तरी वर्षं झाली," मी म्हटलं. "बसा."

त्या बसल्या. कुंकू लावून घेतलं नाही, मीही पुढे केलं नाही. थोड्या वेळानं निळ्यांच्या हातून चेंडू सुटला, तेव्हा नातीच्या आधी विमलताईंनी कपाळावर हात मारला.