जोडीनंच टांगायची चित्रं

हिराबाय गेल्याचा फोन तिच्या मुलानं, नरेशनं केला तेव्हा मी तलासरीच्या आश्रमशाळेत पोरांना गेरू कालवून देत होते. हात तसेच पुसले, चारोटीला जीप बदलली, पण वाढवणला पोचले तोवर तिला नेलेलं होतं. आता महिना उलटून गेला. खोकला अंगावर काढत राहिली, दवाखान्याचं नाव काढलं की भांडायची, आणि शेवटी त्या खोकल्यानंच तिला नेलं. मला तिचा अजून राग येतो. कुठेतरी तिच्याबद्दल ‘साधीभोळी लोककलावंत’ असं छापून आलं, त्याचा तर त्याहून जास्त येतो. साधी होती, भोळी अजिबात नव्हती.

आमची ओळख २०१४ची. शहरातल्या एका संस्थेनं डहाणूत चित्रांचं शिबिर घेतलं होतं. मी वारली, म्हणून मला गेरू आणि तांदळाचं पीठ देऊन एका कोपऱ्यात बसवलं होतं. समोरच्या कोपऱ्यात ही. मासळी विकणारी बाई, नारळी पौर्णिमेच्या आधी घरची होडी स्वतः रंगवायची, आणि उरलेल्या ऑइलपेंटचे डबे घेऊन आली होती. दुपारी ती डबे उचलून सरळ माझ्याकडे आली. “तुझ्याकडं सावली हाय गो, सरक जरा.” मी सरकले. संयोजक म्हणाले, दोन शैली वेगळ्या दिसायला हव्यात. तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं आणि माझ्या पांढऱ्या माणसांच्या शेजारी निळ्या होड्या काढायला बसली.

जोडीनं टांगायची कल्पना तिचीच. वाढवणला बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्यांवर, वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, की एक दोरीच्या अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. एकटा बोंबील दोरीवर राहतच नाही. आम्ही मांजरपाटाचे तुकडे घेतले, प्रत्येकाच्या वर बांबूच्या कामटीचा आकडा बसवला, आणि दोन-दोन चित्रं तशीच अडकवली. माझं समुद्राकडे तोंड करून, तिचं डोंगराकडे. पहिल्या खेपेला दोऱ्याही तिनं बोंबलाच्याच आणल्या, न धुता. सकाळी पाहतो तर गावभरच्या मांजरांनी माझी लग्नाची अख्खी वरात फाडलेली! मी रडकुंडीला आले. ही पदर तोंडाला लावून हसत सुटली. “मांजरांना आवडला तुझा चित्र. आनखी कोन पायजे तुला?”

पुढे वाढवणच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या मोठ्या बंदराची चर्चा वाढली, गावात सभा होऊ लागल्या, आणि आमच्या वलांड्याही वाढत गेल्या. शेजारणी हातभार लावू लागल्या, माझ्या पाड्यावरच्या बाया येऊन राहू लागल्या. जिथे भराव पडणार असं लोक म्हणत होते, तिथेच, भरतीच्या रेघेवर, आम्ही चित्रांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. एक साहेब येऊन म्हणाले, याची परवानगी घेतलीत का? हिराबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बोंबील सुकवाया कुनाची परवानगी लागते, सायेब?” साहेबांनी चित्रांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले.

मग शहरातल्या एका गॅलरीनं बोलावलं. गेलो, तर त्यांना एकेक चित्र काचेत घालून हवं होतं, तिची एका भिंतीवर, माझी दुसऱ्या. त्यांच्या माणसानं जोडीतलं एक चित्र उचललं आणि दुसरं धप्पकन फरशीवर पडलं. तो ओशाळला. हिराबाय शांतपणे म्हणाली, “बगितला ना? आता दोगांना उचल आनि मना दे.” सगळं गुंडाळून आम्ही नरेशच्या मासळीच्या टेम्पोतून परत आणलं. वाटेत मी म्हटलं, नाव झालं असतं गं. तर म्हणाली, “नाव हाय ना आपला. दोगींचा हाय.”

आता त्याच गॅलरीचा फोन नरेशला आला. हिराबायचं स्वतंत्र प्रदर्शन करायचंय, फक्त तिची चित्रं पाठवा... नरेशनं मला विचारलं, “काय सांगू, मावशी?” मी म्हटलं, फोन मला दे. त्यांना सांगितलं, ती स्वतंत्रच होती, म्हणून तर जोडी तिनं स्वतः निवडली. तिची चित्रं हवी असतील तर इथे या, आणि दोरीसकट, बांबूसकट, माझ्यासकट न्या. जोडी तुटणार नाही. पलीकडून ‘कळवतो’ म्हणाले. कळवू देत किंवा न कळवू देत.

तिच्या अंगणातल्या दोरीवर शेवटची जोडी अजून आहे. तिच्या बाजूला निळी होडी, पूर्ण झालेली. माझ्या बाजूला कोरं कापड. आजारी असताना तिनंच ते गेरूनं सारवून अडकवून ठेवलं होतं, आपलं चित्र पडू नये म्हणून, आणि मी येईन म्हणून. परवा पीठ आणि डिंक घेऊन गेले. नरेश म्हणाला, “उतरवून देतो, ओट्यावर बसून काढ.” नको म्हटलं. माझं उतरवलं असतं तर तिचं पडलं असतं. तशीच दोरीशी उभी राहिले, वाऱ्यानं फडफडणारं कापड डाव्या हातानं धरलं आणि उजव्या हातानं काढायला लागले. रेघा वाकड्या आल्यात. आल्या तर आल्या.