खोडण्याचा अधिकार

आमच्या भावकीनं आणि सोयऱ्याधायऱ्यांनी मिळून लग्नं जमवण्यासाठी एक वेबसाइट काढली. मुलामुलींची माहिती, फोटो, शिक्षण, शेती, सगळं एका जागी. त्यावर कोणाला काय दिसावं आणि कोणाला कशात बदल करता यावा, हे सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लोणारला शाळेत संगणक शिकवते, एवढाच माझा गुन्हा.

सुरुवातीला मी साधी घडी बसवली होती. सभासदांनी वाचायचं, ज्याची माहिती त्यानं ती भरायची, आणि कोणी भलतंसलतं टाकलं तर दोघा-तिघा संपादकांनी ते काढायचं. संपादकाला कोणाच्याही माहितीत हात घालता येतो, म्हणून तो अधिकार मोजक्याच लोकांकडे हवा, असं मी पहिल्या बैठकीत घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैठक संपल्यावर चपला घालता घालता एकेक जण जवळ यायला लागला. "आपल्याले पन देऊन टाक नं ते."

ते कशाला हवं, हे एकालाही सांगता येत नव्हतं. पण शेजारच्याला मिळालं आणि आपल्याला नाही, हे मात्र सगळ्यांना कळत होतं. लग्नात टॉवेल-टोपी देताना एखादा व्याही चुकून राहिला तर तो भरल्या ताटावरून उठतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच, की टॉवेल-टोपीनं कोणाचं काही बिघडत नाही.

साखरखेर्ड्याचे माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळी भावकी दादा म्हणते, ते तर रुसूनच बसले. त्यांच्या साडूला संपादक केलं होतं. "काऊन वं, त्याले देल्लं अन् मले नाही? मी काय मेलो का?" मी त्यांना संपादक म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि शेवटी वैतागून अधिकार देऊन टाकला. मग त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला आणि तो त्यांनी भावकीच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांना विचारलं, याचं काय करायचं. मी कपाळाला हात लावला.

दिवाळीपर्यंत भावकीतला जवळजवळ प्रत्येक वडीलधारा संपादक झाला होता. एकानं पुतण्याची उंची वाढवली. एकानं मेहुण्याच्या दोन एकरांचे पाच केले. एक महाशय तर वधूंच्या यादीत ठिबकच्या नळ्या विकायला लागले. मी शाळेतून घरी यायचे आणि चहा टाकायच्या आधी लोकांची उंची कमी करत बसायचे.

या यादीत माझी भाचीही होती. माझ्या भावाची मुलगी. भाऊ आता नाही. ती धाड गावात ब्लाउज शिवते, बाजाराच्या दिवशी तिला मान वर करायला फुरसत नसते. तिची फारकत झालेली आहे आणि एक मुलगी आहे. पुन्हा लग्न करायला ती बऱ्याच विनवण्यांनंतर तयार झाली, तीही एका अटीवर. माझ्याशेजारी बसून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'माझी मुलगी माझ्यासोबतच राहील.' बाकी कशाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. मुलगा काळा असो, दुकान असो, शेती असो. लेकीला आजोळी टाकून मी बोहल्यावर चढणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

एक स्थळ आलं. मुलगा विधुर, घरचे बरे. पाहण्याचा कार्यक्रम साखरखेर्ड्याला दादांच्या घरी ठरला. भाची एसटीनं आली, लेकीला घेऊन आली. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. पोहे झाले, चहा आला. पोरगी आईच्या मांडीवर येऊन बसली.

मुलाच्या मावशीनं विचारलं, "हे कोनाची?"

"माही," भाची म्हणाली.

मावशीनं मुलाकडे पाहिलं. मुलानं खिशातून मोबाइल काढला, आमची वेबसाइट उघडली आणि माझ्यापुढे धरली. त्यात उंची होती, शिक्षण होतं, शिवणकाम होतं. मुलीची ओळ नव्हती. "आम्हाले आधी सांगाले पाह्यजे होतं," एवढंच तो म्हणाला. त्याचं काय चुकलं? चहा तसाच ठेवून ती माणसं उठली.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तुनं काढलं?"

तो प्रश्न मला अजून टोचतो. मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाले, "म्याच काढलं. पोरीचं जमावं म्हनून काढलं. आधी पाहून तं जाऊ दे, मंग सांगू म्हटलं." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ मनानं, "तुनंच तं देल्लं होतं नं मले ते."

भाचीनं लेकीला उचललं आणि धाडला जायला निघाली. दादांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण मला त्यांची दया आली नाही. मला संताप आला होता आणि तो घेऊनच मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे अधिकार काढले. ज्याची माहिती, त्यानंच लिहायची आणि त्यानंच बदलायची. संपादक फक्त तक्रार करतील. मग फोन सुरू झाले. पंगतीतून हात धरून उठवलं म्हणाले. समाजात दोन शिकलेल्या बायका झाल्या की असंच होतं म्हणाले. दादांच्या साडूनं वेबसाइटच सोडली, त्याचं मला अजिबात दुःख नाही.

भाचीला मी फोन करून सांगितलं, आता तुझ्या माहितीला तुझ्याशिवाय कोणी हात लावू शकत नाही, मीसुद्धा नाही. ती नुसतं 'बरं' म्हणाली. संध्याकाळी पाहिलं तर ती ओळ परत आली होती. आधी ती शेवटी होती. आता नावाच्या खाली, उंची-शिक्षणाच्याही वर होती, आणि तिच्याखाली लेकीबद्दल आणखी चार ओळी.

आठवड्यानं दादांचा फोन आला.

"काऊन वं, पोरीचं पान उघडून राह्यलं, पन खोडता नाही येऊन राह्यलं."

"हाव. वाचता येते नं?"

"येते."

"मंग वाचा. मोठ्यानं वाचा."

मला वाटलं, फोन आपटतील. पण त्यांनी चष्मा शोधला, आणि अक्षर अक्षर लावत वाचायला लागले. माझी मुलगी माझ्यासोबतच राहील. तिथं थांबले.

"कितवीत हाये वं तिची पोरगी?" त्यांनी विचारलं.

"खाली लिहेल हाये, दादा," मी म्हटलं. "वाचा."